जुना गेमिंग पीसी घेताय? आधी पूर्ण नंबर विचारा

नमस्कार मंडळी. आज बोलूया स्वस्तातल्या जुन्या गेमिंग कॉम्प्युटरबद्दल, म्हणजे असं मशीन समोर आलं तर घ्यावं की सोडून द्यावं.

जाहिरातीत काय लिहिलेलं असतं, तर आय सेव्हन, 16 जीबी रॅम, गेमिंग पीसी, आणि सोबत रंगीत दिव्यांचा झकास फोटो. यातून कळतं काय? जवळजवळ काहीच नाही. आय सेव्हन कुठल्या पिढीचा ते कुणी सांगतच नाही, आय सेव्हन 2600 हा 2011 चा प्रोसेसर आहे आणि 2022 चा साधा आय थ्री 12100 गेममध्ये त्याला सहज मागे टाकतो. म्हणून फोनवरच विचारा, प्रोसेसरचा पूर्ण नंबर काय आणि ग्राफिक कार्डचा, म्हणजे गेमचं चित्र तयार करणाऱ्या कार्डाचा, पूर्ण नंबर काय, मेमरीसकट. जो नुसतंच "सगळे गेम चालतात हो" म्हणतो त्याच्याकडे जायची घाई करू नका.

मेमरीसकट का, तर एकाच नावाखाली वेगवेगळा माल विकला जातो. जीटीएक्स 1060 हे ग्राफिक कार्ड 3 जीबीमध्येही आलं आणि 6 जीबीमध्येही, आणि फरक फक्त मेमरीचा नाही, 3 जीबीवाल्यात कोअर, म्हणजे काम करणारी छोटी युनिटंसुद्धा कमी आहेत, 1280 च्या जागी 1152. आरएक्स 580 या कार्डाचं तसंच, खऱ्या कार्डात 2304 कोअर, पण 2048 एसपी नावाचं एक येतं ते आतून आरएक्स 570 च असतं, आणि जाहिरातीत तेही 580 म्हणूनच खपवतात.

आणि चक्क नकली कार्डंही फिरतात हो. 2010-11 च्या जुनाट कार्डाचा बायोस, म्हणजे त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, बदलायचा आणि जीटीएक्स 1050 टीआय म्हणून विकायचं, मग विंडोजही बिचारं तेच नाव दाखवतं. जीपीयू-झेड नावाचा छोटासा फुकट प्रोग्रॅम आहे, पेन ड्राइव्हवर घेऊनच जा. कार्ड बनावट असेल तर तो बहुतेक वेळा नावाच्या आधीच फेक असं दाखवतो. मागच्या बाजूलाही बघा, 1050 टीआय म्हणतायत आणि कार्डाला निळा व्हीजीए पोर्ट आहे? मग शंका घ्याच, कारण व्हीजीएला अॅनालॉग आउटपुट लागतं आणि 1050 टीआय ज्या 10 सिरीजमधलं आहे तिच्या चिपमध्ये ते मुळातच नाही.

आता प्रत्यक्ष बघायला गेल्यावर. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत मशीन चालू करू नका, कारण बऱ्याच खोड्या थंड मशीन चालू करतानाच दिसतात, पहिल्यांदा चालूच होत नाही, दोनदा बटण दाबावं लागतं वगैरे. मग एखादा जड गेम किंवा फरमार्क हा कार्डावर ताण देणारा प्रोग्रॅम लावा आणि निदान 20-25 मिनिटं तिथेच बसा, लाजू नका, पैसे तुमचे आहेत. स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकोन, रेघा दिसल्या तर कार्ड जायच्या वाटेवर आहे. लोड आला की मशीन खाडकन बंद होत असेल तर पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डबीवर, आणि त्याची कंपनी आणि वॉट स्टिकरवर वाचाच, बिननावाचा असेल तर नव्या एसएमपीएसचे पैसे सौद्यातून वजा करा. ऑफिसातून निघालेल्या डब्यात कार्ड बसवून गेमिंग पीसी म्हणून विकतात, तिथे तर जास्तच जपून, कारण त्यातल्या बऱ्याच मशीनचा एसएमपीएस आणि मदरबोर्ड वेगळ्याच मापाचा असतो, बाजारातला साधा बसत नाही.

मायनिंगला, म्हणजे क्रिप्टो चलन मिळवायला, वापरलेलं कार्ड म्हटलं की लोक पळतात. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग थांबलं तेव्हा ढिगाने कार्डं बाजारात आली. मी तरी सरसकट नाही म्हणणार नाही, पंखे नीट फिरतायत, तापमान आवाक्यात आहे आणि भाव खरंच कमी आहे तर चालेल.

यापेक्षा मोठा प्रश्न म्हणजे हे मशीन पुढे किती दिवस साथ देणार. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीचा रायझन 2000, किंवा त्यांच्या पुढचा प्रोसेसर लागतो. व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज 11 वर टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी मागतो. एनव्हिडिया कंपनीच्या 900 आणि 10 सिरीजच्या कार्डांना ऑक्टोबर 2025 नंतर नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर येत नाहीत, फक्त सिक्युरिटी अपडेट. म्हणून डीडीआर3 या जुन्या प्रकारच्या रॅमचं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी मी घेऊ नका असंच सांगेन, त्यातला प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम पुढच्या मशीनला वापरता येत नाही. तेच एएम4 बोर्ड, म्हणजे रायझन प्रोसेसर बसणारा मदरबोर्ड, असेल तर थोडे जास्त द्या, बायोस अपडेट करून बऱ्याच बोर्डांवर रायझन 5800 एक्स3डी या वेगवान प्रोसेसरपर्यंत जाता येतं.

भाव ठरवताना एकेका पार्टचा जुन्यातला भाव काढून बेरीज करा, दिव्यांचे आणि कॅबिनेटचे पैसे जवळपास शून्य धरा. हार्ड डिस्क, एसएसडीची तब्येत क्रिस्टल डिस्क इन्फो नावाच्या प्रोग्रॅममध्ये बघा, गुड आलं की पुढे चला. आणि पैसे हातात ठेवण्याआधी एकदा रीस्टार्ट करून डिलीट दाबा, मदरबोर्डच्या बायोसला, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगला, पासवर्ड टाकलेला नाही ना तेवढं बघून घ्या.