फ्लेक्सवरचं नाव, लोकांच्या तोंडचं नाव

हा साताऱ्याचा पोवई नाका. बारावीचा निकाल लागला की इथं मान वर केली की कॉलेजांचे फ्लेक्सच फ्लेक्स, आणि त्यावर नॅकची ग्रेड ही भली मोठी.

नॅक म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणारी बंगळुरूची संस्था, 1994 पासूनची. तिची टीम येते, कागद बघते, ग्रेड देते. दुसरी एनआयआरएफ, केंद्र सरकारची रँकिंग, पहिली यादी 2016 ला आली, आणि तिच्यात 100 पैकी 10 मार्क परसेप्शनला आहेत, म्हणजे दुसरीकडचे प्राध्यापक आणि नोकरी देणाऱ्या कंपन्या तुम्हाला काय समजतात त्याला. नावाला थेट मार्कच आहेत म्हटल्यावर प्रेस नोट, रील, मीडिया सेल हे सगळं आलंच. आणि चांगलं काम केलंय तर सांगावंच की.

पण मी शिकलो त्या कॉलेजात नॅकची टीम यायच्या आधी आठ दिवस भिंतींना रंग लागला, लायब्ररीतलं एक कपाट उघडलं, ज्या पुस्तकांना आम्हाला तीन वर्षं हात लावू दिला नव्हता ती टेबलावर मांडली आणि टीम गेली तशी परत आत. कुलूप. ग्रेड चांगली मिळाली. आम्ही मित्र भेटलो की अजून त्या कुलपाचाच विषय निघतो.

याच जिल्ह्यात, कराडजवळच्या काले गावात, 1919 ला कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 ला ती साताऱ्यात आली. वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा, हे आमच्याकडं शाळेत न गेलेल्या आजीला पण माहितीय. 1948 ला सरकारनं संस्थेचं अनुदान थांबवलं तेव्हा कुठली मीडिया सेल होती? लोकांनी संस्था पडू दिली नाही, कारण घराघरातलं कुणी ना कुणी तिथं जेवलं होतं, शिकलं होतं.

आता संशोधनाचं. कॉपी पकडायला यूजीसीचा 2018 चा नियम आहे, 10 टक्क्यांपर्यंत मजकूर जुळला तर शिक्षा नाही, त्याच्या वर गेला की टप्प्याटप्प्यानं कारवाई. पण एखाद्या पेपरात गडबड निघाली की पहिला फोन कुणाला जातो? बऱ्याचदा बातमी थांबवायलाच जातो, आणि मला हे फार लागतं, कारण त्याच डिपार्टमेंटमध्ये रात्र रात्र रीडिंग घेणारी प्रामाणिक पोरं असतात आणि डाग त्यांच्या पण डिग्रीला लागतो. संस्थेनं स्वतः पुढं येऊन सांगावं, हे चुकलं, पेपर मागं घेतोय, चौकशी हे हे लोक करतायत, अमुक तारखेला अहवाल देऊ. आणि त्या तारखेला द्यावा.

तिकडं स्टँडवर जावळीकडची एसटी लागलीय. एक वडील मुलीला घेऊन उतरलेत, हातात मार्कलिस्टची पिशवी. फ्लेक्सकडं बघतसुद्धा नाहीत, गावातल्या एका पोराला फोन लावलाय, तो इथल्याच एका कॉलेजात शिकून गेलाय.

"बाळा, खरं सांग, आपल्या पोरीला तिथं घालू का?"