फवाऱ्यातला पाहुणा

नमस्कार श्रोतेहो! गावाहून पंधरा दिवसांनी परतलात, की नळ सोडून पहिलं पाणी वाहू देता ना? आज त्या साचलेल्या पाण्याबद्दल थोडं बोलू.

जुलै 1976, अमेरिकेतलं फिलाडेल्फिया. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड या बड्या हॉटेलात भरलं होतं. मंडळी हसतखेळत घरी गेली आणि तापानं फणफणली, न्यूमोनिया झाला. 221 जण आजारी पडले, 34 दगावले. कुणी म्हणे स्वाइन फ्लू, कुणी म्हणे निकेलची विषबाधा. महिने उलटले, कारण सापडेना. त्या हॉटेलाला तर टाळंच लागलं.

आणि मग नाताळची मेजवानी! जोसेफ मॅकडेड नावाचे संशोधक तिथं गेले होते. एका माणसानं त्यांना गाठून सुनावलं, तुम्ही शास्त्रज्ञांनी आमची निराशा केलीत. बोल जिव्हारी लागला. सुट्टीत लोक घरी लोळत होते, तेव्हा हे गृहस्थ प्रयोगशाळेत जाऊन गिनी पिगच्या नमुन्यांच्या जुन्या काचपट्ट्या पुन्हा पाहत बसले. ऑगस्टमध्ये तिथं काही दांडीसारखे जिवाणू दिसले होते. बाहेरून मिसळले असतील म्हणून त्यांनीच ते सोडून दिले होते. चोर तोच निघाला! जानेवारी 1977 मध्ये जाहीर झालं. पुढे नाव पडलं लीजनेला.

मला विचाराल तर प्रत्येक हुशार माणसाला वर्षातून एकदा असं चारचौघांत कुणीतरी टोचावं. आमच्या सोसायटीच्या सभेत पार्किंगवर दोन तास भांडण होतं, टाकीचा विषय निघाला की सगळ्यांना चहा आठवतो. असो.

तर हा लीजनेला 20 ते 45 अंशांच्या कोमट पाण्यात वाढतो. टाकीत, क्वचित वापरल्या जाणाऱ्या नळात, मोठ्या इमारतींच्या कूलिंग टॉवरमध्ये, म्हणजे एसीचं पाणी गार करणाऱ्या यंत्रणेत. तो शिरतो मुख्यतः श्वासावाटे, तुषारांतून. पुन्हा सांगते, पिण्यापेक्षा श्वासावाटे! पन्नाशी उलटलेले, धूम्रपान करणारे, प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना धोका जास्त. साठवणीच्या गिझरचं पाणी 60 अंशांवर ठेवा, अंगावर घेताना मात्र गार पाणी मिसळा. मी स्वतः बादली-तांब्यावालीच! पण शॉवर हवाच असेल, तर परतल्यावर खिडकी उघडा, शॉवर हळू सोडा आणि तुम्ही बाहेर उभ्या राहा. पहिली पाच मिनिटं त्याला एकट्याला वाहू दे.