बारा कुंड्या, वीस मिनिटं

श्रोतेहो, नमस्कार.

बागकामानं शीण जातो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. माझ्या बाबतीत ते खरं नाही. बागकामानं मला शीण येतो, आणि तोही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. तरीही मी बाग करते. ती कशी, तेवढंच सांगायला बसले आहे. बसलेच आहे, उभं राहून बोला म्हटलं असतं, तर आलेच नसते.

मी इंग्लंडात बर्मिंगहॅमला राहते. माहेर कोकणातलं. आमची एक कॅरॅव्हॅन आहे, वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, बार्मथजवळ. कॅरॅव्हॅन म्हटलं की गाडीमागे जोडून नेतात ती डोळ्यांपुढे येते. ही तशी नव्हे. पस्तीस फूट लांब, बारा फूट रुंद, खाली चाकं आहेत पण ती नावाला. एकदा आणून ठेवली की तिथेच. इथल्या लोकांचं हे सुट्टीचं घर. आमची साइट मार्च ते ऑक्टोबर उघडी असते, आणि तिथे कायमचं राहायला परवानगी नाही. बर्मिंगहॅमहून आगगाडीनं चारेक तास लागतात. शेवटी गाडी 1867 सालच्या लाकडी पुलावरून खाडी ओलांडते. तो पूल आला की मी डोळे उघडते, तोवर पडून असते.

मला एमई आहे, म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोम. नुसता थकवा नव्हे हा. थकवा झोपेनं जातो, हा जात नाही. आणि याची खोड अशी, की काम करताना तुम्हाला बरं वाटतं. बिल मागाहून येतं. पहिली काही वर्षं मला सांगितलं गेलं, रोज थोडं थोडं चालणं वाढवा. मी वाढवलं, आणि अंथरुणाला खिळले. ऑक्टोबर 2021 मध्ये उपचारांबाबत डॉक्टरांना मार्गदर्शन करणाऱ्या इथल्या नाइस या संस्थेनं नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात ही ठरावीक चढत्या व्यायामाची पद्धत या आजारात वापरू नका असं स्पष्ट म्हटलं. माझ्यापुरता उशीर झाला होता. आता सल्ला असा, की अंगात आहे तेवढ्यातच भागवा. आपल्याकडे म्हणतात ना, अंथरूण पाहून पाय पसरावेत. फक्त माझं अंथरूण रोज वेगळ्या लांबीचं असतं.

हे सगळं कळत होतं, तरी एका मे महिन्यात मी माती खाल्लीच. पहिला उन्हाचा शनिवार. मातीच्या पिशव्या फोडल्या, सलग तीन तास रोपं लावली, वर शेजारच्या वेल्श आजींशी गप्पाही मारल्या. रविवार छान गेला. सोमवारी सकाळी दात घासायला ब्रश उचलला आणि हात खाली आला. मग चार दिवस आडवी. बाहेर पाऊस. कॅरॅव्हॅनच्या छतावर तो अगदी आमच्या पडवीच्या पत्र्यावर वाजायचा तसा वाजतो. तेवढंच एक सुख.

तेव्हापासून बारा कुंड्या, त्याहून एक जास्त नाही. तसंही आमच्या साइटवर जमिनीत काही लावू देत नाहीत. उद्या कॅरॅव्हॅन ओढून काढायची झाली तर वाट मोकळी हवी. आधी या नियमाचा राग यायचा. आता वाटतं, बरं झालं, वाफे असते तर मी त्यांच्यात मेले असते. कुंड्या पायरीच्या दोन्ही बाजूंना, बसल्या जागी हाताला येतील अशा. मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावते. वाजला की खुरपं खाली, मग मुळं अर्धी बाहेर असली तरी. हे सगळ्यात अवघड. दमल्यावर थांबणं सोपं असतं हो, दमायच्या आधी थांबताना जीव वर-खाली होतो.

झारी मी टाकून दिली. दहा लिटरची भरली की दहा किलो. त्याऐवजी दुधाचा चार पाइंटचा प्लॅस्टिकचा कॅन, झाकणाला तापलेल्या सुईनं भोकं पाडलेला. सव्वादोन लिटर पाणी, दोन कुंड्या. जूनमध्ये पावणेदहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई नाही. सकाळी दोन, जेवणानंतर झोप, संध्याकाळी दोन.

आणि रोपं अशी, की आम्ही पंधरा-पंधरा दिवस फिरकलो नाही तरी ज्यांचं अडत नाही. समुद्राचा खारा वारा नाजूक पानं करपवून टाकतो. गुलाबाचा हट्ट एकदा करून पाहिला, तो सोडला. रोझमेरी टिकते, जाड पानांचं सीडम टिकतं. पण माझा लाडका थ्रिफ्ट. इथल्या कड्यांवर तो आपोआप उगवतो: गवतासारख्या पानांची घट्ट गादी आणि मे-जूनमध्ये तिच्यावर गुलाबी गोंडे. 1937 ते 1952 पर्यंत ब्रिटनच्या तीन पेन्सच्या पितळी नाण्यावर हेच झाड होतं. इंग्रजीत थ्रिफ्ट म्हणजे काटकसर. नाण्यावर शोभतं, माझ्या दारातही शोभतं.

एका कुंडीत मात्र मेथी. बियाणं विकत आणत नाही, मिसळणाच्या डब्यातलीच चिमूटभर दाणे रात्री भिजवून पेरते. चारेक आठवड्यांनी एका वेळची भाजी निघते, गोगलगायींनी शिल्लक ठेवली तर. कोथिंबीर इथे जूनच्या लांबलचक दिवसांत पानं धरायच्या आत फुलावर जाते. तिच्या नादी लागत नाही.

ऑक्टोबरअखेर कॅरॅव्हॅन बंद करायची. नळांतलं पाणी पूर्ण काढून टाकावं लागतं, नाहीतर गोठून पाइप फुटतात. फ्रिजचं दार उघडं ठेवायचं, गाद्या उभ्या करायच्या. ही कामं नवरा करतो. माझ्याकडे कुंड्या आडोशाला लावायचं काम, रोज चार, तीन दिवस. मागच्या वर्षी तिसऱ्या दिवशी तीनच झाल्या. बारावी कुंडी पायरीपाशीच राहिली. मार्चमध्ये आलो तेव्हा ती वाऱ्यानं आडवी पडलेली होती, आणि आतला थ्रिफ्ट वाकून वर तोंड करून बसला होता. नवरा उभी करायला गेला, मी म्हटलं, राहू दे.