वरच्या मजल्याचा आवाज आणि आपले छत

श्रोतेहो, नमस्कार.

म्हापसा, फोंडा, मडगाव येथील सदनिकांत राहणाऱ्यांची नित्याची तक्रार असते ती वरच्या घरातून येणाऱ्या आवाजाची. छतावर खर्च करण्यापूर्वी हा आवाज कोणत्या जातीचा आहे, हे ओळखणे आवश्यक आहे. बोलणे किंवा टीव्ही यांचा आवाज हवेतून येतो आणि पाच-सहा इंच जाडीचा काँक्रीटचा स्लॅब आपल्या वजनानेच तो बराचसा अडवतो. फोडलेल्या नारळाचा, ओढलेल्या खुर्चीचा किंवा टाच आपटत चालण्याचा आघात मात्र स्लॅबलाच हलवतो, आणि स्लॅब हलला की खालची खोली वाजू लागते.

अनेकांचे पैसे वाया जातात ते येथेच. थर्मोकोल वजनाला इतका हलका असतो की तो छताला चिकटवून आवाज अडत नाही. जिप्समचे नेहमीचे फॉल्स सीलिंगही पत्र्याच्या पट्ट्यांनी स्लॅबला जखडलेले असल्याने कंप त्याच पट्ट्यांतून खाली उतरतो. खरा उपयोग होतो तो रबर किंवा स्प्रिंग बसवलेल्या हँगरवर सांगाडा टांगून, पोकळीत सुमारे ५० मिलिमीटर जाडीची रॉकवूल, म्हणजे दगडापासून बनवलेली लोकर, भरून, त्याखाली १२.५ मिलिमीटर जाडीच्या जिप्सम बोर्डाचे दोन थर, सांध्यावर सांधा येऊ न देता, बसवल्यास. बोर्ड भिंतीला टेकवू नये. मधली बारीक फट लवचीक सीलंटने भरावी. यात चार-सहा इंच उंची जाते, हे मात्र आधीच मोजून पाहावे. आपल्याकडील पावसाळा लक्षात घेता ओलावारोधक बोर्ड घ्यावा, आणि वरच्या न्हाणीघराची गळती असल्यास ती प्रथम बंद करून घ्यावी.

एवढे करूनही भिंती आणि खांब यांच्या वाटेने थोडा आवाज उतरतोच. म्हणून माझ्या मते पहिला उपाय वरच्याच घरात व्हावा. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या आणि वावराच्या जागी जाड गालिचा, एवढ्यानेही फरक जाणवतो; शेजाऱ्यांकडे मोकळेपणाने शब्द टाकण्याची तयारी तेवढी हवी.

पंखा आणि चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या मूर्तीवर टांगलेली फळाफुलांची चौकट, यांचा भार बोर्डावर कधीही टाकू नये. दोन्हींचे हूक स्लॅबमध्येच असावेत, आणि त्यांची सळई बोर्डाला न टेकता खाली यावी म्हणून भोक किंचित मोठे ठेवून सीलंट भरावे. माटोळीची जागा कारागिराला बोर्ड चढवण्यापूर्वीच दाखवून ठेवावी.