तिसावी ओळ

(दृश्य: नव्या ट्रकची केबिन, सीटवर प्लास्टिक)

सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. मीटरवर जेमतेम दोन आकडी किलोमीटर. काच वर-खाली करून बघितली जातेय, हॉर्न एकदा वाजवून झालाय. गाडी नेमकी कोणाची, हे मात्र केबिनमध्ये बसून कळत नाही. त्यासाठी टेबलावरचे कागद बघावे लागतात.

(दृश्य: परतफेडीचा तक्ता, जवळून)

हा त्यातला एक. ६० ओळी, ६० हप्ते. सहीच्या वेळी हा गठ्ठ्यात खाली असतो. वर असतो एकच आकडा, महिन्याचा हप्ता. "एवढे निघतील ना गाडीतून?" असं विचारलं की मालक मान डोलावतो, आणि बोलणं तिथेच संपतं.

आपण थोडं पुढे जाऊ. समजा १०० रुपये कर्ज उचललं. वर्षाला १२ टक्के, मुदत ५ वर्षं, व्याज उरलेल्या मुद्दलावर. हप्ता बसतो २.२२. पहिल्या हप्त्यातला अख्खा १ व्याजात जातो, मुद्दल फिटतं १.२२.

(दृश्य: ग्रीस लागलेलं बोट ओळींवरून खाली सरकतंय)

तिसाव्या ओळीवर थांबा. निम्मी मुदत सरली. देणं अजून ५७ च्या वर. शेवटच्या ओळीपर्यंत १०० चे साधारण १३३ होतात.

आता हेच १२ टक्के 'फ्लॅट' लावा. फ्लॅट म्हणजे पाचही वर्षं व्याज मूळच्या १०० वर. तुम्ही मुद्दल फेडत राहता, हिशेब मात्र ते फिटलंच नाही असं धरून चालतो. भरायचे १६०, हप्ता २.६७. उरलेल्या मुद्दलावर मोजलं, तर हा दर २० टक्क्यांच्या वर जातो. १२ म्हणून सांगितलेले २०! खोटं कोणी बोललेलं नसतं, 'फ्लॅट' हा शब्द तेवढा हळू उच्चारलेला असतो. म्हणून सहीआधी विचारायचं: दर फ्लॅट की रिड्यूसिंग, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरचा? प्रोसेसिंग फी आणि विमा कर्जातच घातलाय का? मुदतीआधी फेडलं तर दंड किती?

(दृश्य: जॅकवर चढवलेली गाडी, चाक बाजूला)

मग सरळ रोखीने घ्यावी? व्याज वाचतं. मंदीत महिनाभर काम मिळालं नाही, तरी हप्त्याची तारीख छातीवर बसत नाही. पण ही गाडी बघा. कर्ज एक पैशाचं नाही, आणि टायरला पैसे नाहीत. जमवलेलं सगळं एका दिवसात लोखंडात गेलं. डिझेल आज भरायचं, ड्रायव्हरला आज द्यायचं, भाड्याचं बिल निघणार काही आठवड्यांनी. मधला काळ हातातल्या पैशावरच निघतो. तो नसला की हातउसने, आणि त्याचा दर ट्रकच्या कर्जापेक्षा चढा असू शकतो.

आमचं विचाराल तर: काही महिन्यांचं डिझेल, पगार, विमा आणि एक मोठी दुरुस्ती, एवढं आधी बाजूला काढा. हप्ते धरले तर तेही. उरलेलं सगळं डाऊन पेमेंटला घाला, आणि मुदत झेपेल तेवढी आखूड. रोखीचा दिमाख आणि शून्य डाऊन पेमेंटची जाहिरात, दोन्हींपासून लांबच बरं.

हप्ते थकले की गाडी ओढून नेली जाते, विकली जाते, आणि विकून भागलं नाही तर उरलेलं देणं मालकाच्याच नावावर राहतं.

(दृश्य: पुन्हा केबिन)

पेन टेबलावर आहे. मालकाने तक्ता गठ्ठ्यातून वर काढलाय. ओठ हलतायत, बोट चाललंय. अठ्ठावीस, एकोणतीस.

(पेन उचललं जात नाही. आवाज फक्त बाहेरच्या इंजिनाचा.)