गाडीतली दुसरी बॅटरी

(सोलापुरात व्हॅनमालक आणि ऑटो इलेक्ट्रिशियन यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, व्हॅनमध्ये झोपायची-राहायची सोय केली की पहिला प्रश्न येतो: गाडीला बॅटरी आहेच, मग दुसरी कशाला? गाडीची बॅटरी सेल्फ मारण्यासाठी असते. काही सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि लगेच अल्टरनेटरकडून (इंजिनाच्या जोरावर वीज बनवणाऱ्या यंत्राकडून) भरून घ्यायचे, एवढंच तिचं काम. तिच्यावर रात्रभर पंखा आणि फ्रिज चालवला, तर सकाळी नळदुर्गच्या किल्ल्याखाली धक्का मारायला माणसं शोधावी लागतील. म्हणून राहण्याच्या वापराला बॅटरी वेगळी हवी.

ती कोणती, यावर फार बोलत नाही. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर, म्हणजे शिशाची, बॅटरी चालते, पण चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि वळणावर ॲसिड सांडू शकते. जिथे माणसं झोपतात तिथे ती नको. शक्य असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या. 100 अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीतून निम्मंच वापरावं, लिथियममधून 80 टक्के बिनधास्त.

मला बोलायचंय ते वायरबद्दल. 12 व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून आपण बेफिकीर होतो. पण 1000 वॅटला घरात 230 व्होल्टवर सव्वाचार अँपिअर लागतात, 12 व्होल्टवर 83. इन्व्हर्टरमधली तूट धरली तर नव्वदीच्या पुढे. घरात इस्त्रीला पुरणारी अडीचची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) वायर इथे वितळेल. वायरच्या तापण्याला व्होल्टशी देणंघेणं नाही. वायर तापते ती अँपिअरने.

म्हणून फ्यूज. माझं एवढं एक म्हणणं तरी घेऊन जा: फ्यूज वायरसाठी असतो, फ्रिजसाठी नव्हे. वायर जितके अँपिअर सोसते त्याच्या आतला फ्यूज, आणि तो बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात. बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधल्या तुकड्याला कुणी वाली नाही, म्हणून तो तुकडा जितका आखूड तितकं बरं. इंजिनाकडची बॅटरी आणि मागची बॅटरी जोडणाऱ्या केबलला तर दोन फ्यूज हवेत, दोन्ही टोकांना एकेक. पुष्कळ जण एकच लावतात. ती केबल मधेच पत्र्याला घासून उघडी पडली, तर दोन्ही बाजूंनी दोन बॅटऱ्या तिथे करंट ओततात. पुढचा फ्यूज उडाला तरी मागून आग चालूच. त्यामुळे पत्र्यातून केबल जिथे आरपार जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाची कड झाकणारं कडं) घालाच.

आता जाडीचा हिशोब. फ्रिज आणि दिवे मिळून 10 अँपिअर धरा. बॅटरीपासून अंतर 5 मीटर, जाऊन-येऊन 10 मीटर तांबं. अडीचच्या वायरीत सुमारे 0.7 व्होल्ट वाटेतच जातात, सहाच्या वायरीत 0.3. बॅटरी 12.2 वर असेल, म्हणजे शिशाची जवळपास अर्धी भरलेली, तर फ्रिजपाशी 11.5 पोचतात. थोडी आणखी उतरली की फ्रिजला वाटतं बॅटरी संपली आणि तो कॉम्प्रेसर बंद करतो. मग लोक फ्रिजवाल्याला दोष देतात. वायर मल्टिस्ट्रँड तांब्याचीच घ्या. घरातली एकेरी तार गाडीच्या हादऱ्यांनी तुटते.

लगचंही (वायरीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कड्याचंही) तसंच. पक्कडीने चेपलेला लग आज गच्च वाटतो, महिन्याभरात सैल होतो, आणि सैल जोड तापतो. लग दाबून बसवणारं हायड्रॉलिक क्रिम्पर वापरा, मग दोन हातांनी जोर लावून ओढून बघा. निसटला तर तो जोड नव्हताच. अर्थिंग, म्हणजे निगेटिव्हची जोडणी, पत्र्यावर घेत असाल तर रंग खरवडून लखलखीत लोखंड दिसू द्या, बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा.

चार्जिंगसाठी जुन्या गाडीत व्होल्टेज बघून चालणारा रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) पुरतो. इंजिन चालू झालं, साडेतेराच्या आसपास व्होल्ट आले की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, इंजिन बंद झालं की तोडतो. बीएस6 नंतरच्या कित्येक गाड्यांत अल्टरनेटरचं व्होल्टेज कॉम्प्युटर खालीवर करतो, तिथे रिले गोंधळतो. तिथे डीसी-डीसी चार्जर लावा, म्हणजे गाडीकडून येणारा करंट आवरून मागच्या बॅटरीला हवा तसा देणारा चार्जर. लिथियमला तो हवाच, नाहीतर ती बॅटरी मिळेल तितका करंट खेचते. गाडी सिग्नलला उभी असताना अल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो, आणि नेमका तेव्हाच तो भाजून निघतो.

आपल्या गावाला आणखी एक गोष्ट पाहावी लागते. मे महिन्यात सोलापूर 42 अंशांवर जातं आणि उन्हात बंद उभी व्हॅन त्याच्याही वर. शिशाची बॅटरी दर 10 अंश वाढीला साधारण निम्मं आयुष्य गमावते. तक्त्यात दिलेला वायरीचा अँपिअरचा आकडा ठरावीक तापमानाचा असतो, तो इथे थोडा कमी धरा. बॅटरी तळाला, सीटखाली, हवा खेळेल अशी ठेवा. उन्हाच्या बाजूच्या पत्र्याला चिकटवू नका.

काम सुरू करताना आधी निगेटिव्ह काढा, शेवटी निगेटिव्ह जोडा. पॉझिटिव्हवर पाना असताना तो बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेलं असेल, तर पाना जागेवर लाल होतो. अंगठी, कडं, घड्याळ आधीच काढून ठेवा. सगळं जोडून झालं की फ्रिज, पंखे, दिवे एकदम चालू करा आणि अर्ध्या तासाने प्रत्येक लगला हाताची पाठ जवळ नेऊन बघा. जो गरम लागेल तो कापा आणि नवा बसवा.