पावणेएकला निवडून आलेले बुश

अध्यक्ष महोदय, कार्यवाह आणि एवढ्या पावसात आलेले डोंबिवलीकर मित्रहो,

पत्रिकेत विषय भारदस्त छापला आहे : 'अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक, टीव्ही पत्रकार आणि मतदाराचं मन'. तो मीच दिला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. मला पंचेचाळीस मिनिटं आहेत आणि कार्यवाह पहिल्या रांगेत मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवून बसले आहेत. (हशा)

या विषयावर बोलणाऱ्याने केनेडी-निक्सनपासून सुरुवात करायची, असा दंडकच आहे. २६ सप्टेंबर १९६०, शिकागो, अध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांची टीव्हीवरची पहिली जाहीर चर्चा. निक्सन दुखण्यातून नुकते उठलेले, करडा सूट मागच्या करड्या पडद्यात विरघळून गेलेला, दाढीची सावली झाकायला पावडर थापलेली आणि तिच्यावरून घाम. केनेडी उन्हात रापलेले, गडद सुटात. मग वक्ता आवाज खाली आणतो आणि सांगतो, रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असं वाटलं आणि टीव्ही बघणाऱ्यांना केनेडी! मीही हे सांगून तीन गावांत टाळ्या घेतल्या आहेत. त्या आता परत करायला हव्यात. कारण ही कथा मुख्यतः एकाच संस्थेच्या पाहणीवर उभी आहे आणि तीत फक्त रेडिओ ऐकणारे लोक तीनशेसुद्धा नव्हते. १९८७ मध्ये दोन अभ्यासकांनी तिची पार चिरफाड केली. तरी ती गावोगाव फिरतेच आहे.

घामाची गोष्ट सगळे सांगतात, प्रश्नाची कुणी सांगत नाही. त्याच चर्चेत प्रश्न विचारायला एनबीसी चॅनेलचे सँडर व्हॅनोकर नावाचे पत्रकार होते. ऑगस्टमध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांना कुणीतरी विचारलं होतं, की उपाध्यक्ष निक्सन यांची तुम्ही स्वीकारलेली एखादी मोठी कल्पना सांगा. म्हातारबुवा म्हणाले, 'एक आठवडा द्या, कदाचित एखादी आठवेल.' निक्सनचा सगळा प्रचार अनुभवावर चाललेला, आणि व्हॅनोकरने साहेबांचं हे वाक्य सुमारे सात कोटी प्रेक्षकांसमोर काढलं. तुम्ही नोकरीच्या मुलाखतीला गेला आहात, समोरच्याने आधीच्या साहेबांचं शिफारसपत्र उघडलं आणि त्यात लिहिलंय, 'हा काय काम करायचा ते आठवून कळवतो.' यात घाम न येणारा माणूस मला दाखवा!

तर माझं म्हणणं एवढंच आहे, की टीव्ही पत्रकार तुमचं मत सहसा फिरवत नाही. त्या दिवशी कशावरून माप काढायचं, ते तो ठरवतो. फूटपट्टी त्याची, मोजणारे तुम्ही. आणि हे मला पुस्तकं वाचून नाही, ठेच लागून कळलं.

तारीख ८ नोव्हेंबर २०००, बुधवार. बुश विरुद्ध गोर या निवडणुकीच्या निकालाची सकाळ. मी तेव्हा मुंबईतल्या एका सायंदैनिकात होतो. नाव घेत नाही, इथे त्याचे माजी वाचक बसले असतील. आपलं गणित सोपं : दोनपर्यंत अंक छापून बाहेर, साडेचारपासून दादर स्टेशनवर. म्हणजे तुम्हीच आमचं गिऱ्हाईक. चौथी सीट मिळेपर्यंत उभ्याने घडी घालून वाचणारे. अमेरिकेत मंगळवारची रात्र आणि आपल्याकडे बुधवारची सकाळ, म्हणजे सकाळच्या दैनिकांना जे मिळणार नाही ते आम्हाला मिळणार. असा योग चार वर्षांतून एकदा येतो. संपादकांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, आठ कॉलमी बॅनर पाहिजे.

सकाळी साडेसहाला घरी टीव्ही लावला तर सीएनएनवर फ्लोरिडा गोर यांच्या खात्यात. मी ऑफिसला पोचेपर्यंत, साडेआठच्या सुमाराला, ते काढून घेतलेलं. परत 'सांगता येत नाही'. एनबीसीवर टिम रसर्ट हातातल्या पांढऱ्या पाटीवर लिहून दाखवत होते : फ्लोरिडा, फ्लोरिडा, फ्लोरिडा. अकरा वाजले, बारा वाजले. पान उघडं. चीफ सब माझ्या टेबलापाशी येऊन काही न बोलता उभे राहायचे आणि जायचे. आणि बारा वाजून सेहेचाळीस मिनिटांनी फॉक्सने सांगितलं : फ्लोरिडा बुश यांचं, बुश अध्यक्ष. पुढच्या चार मिनिटांत एनबीसी, सीएनएन, सीबीएस, एबीसी, सगळे. पडद्यावर फटाके, बुश यांचा फोटो, खाली '४३वे अध्यक्ष'. तिकडे प्रत्येक राज्याच्या वाट्याला निवडणूक मंडळाची ठरावीक मतं असतात; फ्लोरिडाची २५ धरून बुश यांची २७१ झाली, हवी होती २७०.

आमच्याकडे एक ज्येष्ठ सहकारी होते, एपीसारख्या वृत्तसंस्थांची कॉपी बघणारे. टीव्हीकडे पाठ करून बसायचे. ते म्हणाले, 'एपीने दिलेलं नाही अजून.' मी म्हटलं, 'अहो, पाच चॅनेलं सांगतायत.' ते म्हणाले, 'पाच सांगतायत म्हणूनच म्हणतो.' मी पान छपाईला सोडलं. 'बुश अध्यक्ष!' उद्गारचिन्ह माझं, स्वतःचं. (हशा)

अडीच वाजता चॅनेलांनी बुशही काढून घेतले. अंक तोवर टेम्पोत.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. गोर यांनी टीव्ही पाहून बुशना फोन करून पराभव मान्य केला होता. नॅशव्हिलला पावसात जमलेल्या लोकांपुढे तेच बोलायला निघाले, वाटेत त्यांच्या माणसांनी थांबवलं की फरक वितळतोय. त्यांनी पुन्हा फोन करून शब्द मागे घेतला. बुश म्हणाले, माझा भाऊ सांगतोय की फ्लोरिडा आमचं. भाऊ म्हणजे तिथले गव्हर्नर. गोर यांचं उत्तर साधारण असं, की तुमचा धाकटा भाऊ म्हणजे काही शेवटचा शब्द नव्हे. आणि फॉक्सवर निकाल ठरवणाऱ्या गटाचे प्रमुख कोण, तर जॉन एलिस, बुश यांचे आतेभाऊ! मराठी मालिकेत असं दाखवलं असतं तर आपण चॅनेल बदललं असतं.

चूक झाली कशी? व्होल्युशिया नावाच्या काउंटीतून आकडे चुकीचे आले, गोर यांच्या नावावर उणे सोळा हजार मतं. उणे! एवढ्याने बुश यांची आघाडी पन्नास हजारांवर दिसायला लागली. आणि सगळी चॅनेलं मतमोजणीसाठी एकाच संस्थेच्या आकड्यांवर विसंबलेली. माझी पाच चॅनेलं म्हणजे एकाच नळाच्या पाच तोट्या होत्या. एपीने मात्र शेवटपर्यंत बुशना फ्लोरिडा दिलं नाही. आमचे सहकारी दुसऱ्या दिवशी काही बोलले नाहीत. नुसता चहा मागवला, माझ्यासाठीही.

संपादकांनी मात्र सगळं माझ्यावर ढकललं. आठ कॉलमी कुणाला हवं होतं, हा प्रश्न मिटिंगमध्ये निघालाच नाही. पंचवीस वर्षं झाली, आज माईक मिळाला म्हणून सांगितलं. (मागून एक श्रोते : 'मी घेतला होता तो अंक!') घेतला होतात? दोन रुपये देणं लागतो, चहाच्या वेळी भेटा.

गंमत बाजूला. आमच्या चुकीचा परिणाम डोंबिवली लोकलपुरता. तिकडे फ्लोरिडाच्या पश्चिम टोकाला घड्याळ एक तास मागे असतं. तिथलं मतदान चालू असताना, संपायला दहाएक मिनिटं उरलेली असताना, चॅनेलांनी राज्य गोरना देऊन टाकलं. रांगेतून किती जण घरी गेले यावर अजून भांडणं आहेत. पण दुसरा परिणाम मला जास्त मोठा वाटतो. अडीच वाजता निकाल मागे घेतला तरी 'बुश जिंकले' हे चित्र मागे घेता येत नाही. पुढचे ३६ दिवस बुश हे जिंकलेले आणि गोर हे जिंकलेल्याला आडवे येणारे. प्रत्यक्षात दोघेही तेव्हा न जिंकलेले होते. १२ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने फेरमोजणी थांबवली, अधिकृत फरक ५३७ मतांचा.

कार्यवाहांनी चिठ्ठी पाठवली आहे : सात मिनिटं. बरं. आता ज्याच्यासाठी तुम्ही आलात ते.

१९६८ मध्ये मॅकोम्ब्स आणि शॉ या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या चॅपल हिल गावात शंभर मतदारांना गाठलं, ज्यांचं मत ठरलेलं नव्हतं असे. कुठले प्रश्न महत्त्वाचे वाटतात, ते विचारलं. बातम्यांमध्ये ज्या प्रश्नांना जास्त जागा होती, जवळपास त्याच क्रमाने लोकांनी प्रश्न सांगितले. बातम्यांमुळेच लोकांना तसं वाटलं, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही, पण माझी फूटपट्टी म्हणतो ती हीच.

दुसरं, १९७६. सॅन फ्रान्सिस्कोच्या चर्चेत अध्यक्ष फोर्ड बोलून गेले, की पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही. त्याच रात्री पाहणीसाठी ज्यांना फोन केले त्यांच्यात फोर्ड थोडे पुढेच होते, पूर्व युरोपाचं नावही जवळजवळ कुणी काढलं नव्हतं. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी पत्रकारांनी तेवढंच वाक्य चघळलं आणि संध्याकाळी विचारलं तर लोकांच्या मते ती चर्चा प्रतिस्पर्धी कार्टर यांनी दणक्यात जिंकलेली. चर्चा तीच, बघणारे तसेच, मधे फक्त एक दिवस बातम्या.

तिसरं, डॅनियल हॅलिन यांनी बातम्यांतली उमेदवारांची वाक्यं घड्याळ लावून मोजली. १९६८ मध्ये उमेदवार सलग सरासरी ४३ सेकंद ऐकू यायचा, १९८८ मध्ये ९ सेकंद. उरलेल्या वेळात तो काय म्हणाला ते पत्रकार सांगतो. कार्यवाह, मला नऊ सेकंदांपेक्षा जास्त दिलेत, आभारी आहे.

चौथं, उलट बाजूचं. फॉक्स १९९६ मध्ये सुरू झालं, पण सगळ्या गावांच्या केबलवर एकदम आलं नाही. डेलाविन्या आणि कॅप्लन यांनी आलेली आणि न आलेली गावं ताडून पाहिली. २००० मध्ये रिपब्लिकन मतं वाढली ती टक्क्याच्या चार ते सात दशांशांनी. एवढीच! चॅनेल लोकांची डोकी फिरवतं म्हणणाऱ्यांची यात निराशा होते. पण ५३७ मतांच्या राज्यात चार दशांशही भरपूर झाले.

आणि २०२४. तुम्ही म्हणाल, बायडन तर आपल्या डोळ्यांसमोर अडखळले, त्यात पत्रकाराचा काय हात? खरं आहे. २७ जूनला अटलांटात सीएनएनवरच्या चर्चेत टॅपर आणि बॅश हे सूत्रसंचालक फारसे मधे पडलेच नाहीत. पण चर्चा संपताच त्याच चॅनेलवर जॉन किंग यांनी सांगितलं, की पक्षात घबराट पसरली आहे. त्या क्षणापासून बायडन काय बोलले हा विषय संपला, ते कधी माघार घेतात हा सुरू झाला. २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. अडखळणं त्यांचंच होतं. त्यावरून कुठला प्रश्न विचारायचा, ते पहिल्या काही मिनिटांत पडद्यावर ठरलं.

आपल्याकडच्या एक्झिट पोलबद्दल बोलायचं होतं, पण कार्यवाह उभे राहिले आहेत. तो अंक मी आणला आहे, बाहेर चहाच्या टेबलावर ठेवतो. पहिलं पान बघा, उद्गारचिन्हासकट. फक्त नेऊ नका, माझ्याकडे एकच उरला आहे.